जिलब्या मारुती, सर्व्हे नंबर आणि ००१

राजगड आणि रायगड या दोन किल्ल्यांत रोमन लिपीत एकाच अक्षराचा फरक आहे. एकात तिसरे अक्षर 'जे', दुसऱ्यात 'आय'. बाकीची पाच अक्षरे तीच आणि त्याच क्रमाने. घरी बसून वाचताना याची गंमत वाटते. पण मुठीत मावणाऱ्या जीपीएस यंत्राचा करडा पडदा, वर एप्रिलचे ऊन आणि चष्म्यावर घाम अशा अवस्थेत हा फरक दिसत नाही, आणि दिसला नाही तर गंमतही राहत नाही. त्या यंत्रात जागेला नाव द्यायला सहाच अक्षरे मिळत. ही दोन्ही नावे नेमकी सहा अक्षरांची.

मी म्हणतो ते यंत्र म्हणजे गार्मिन कंपनीचे पिवळे ईट्रेक्स. २००० साली ते बाजारात आले आणि पुढे काही वर्षे डोंगर भटकणाऱ्यांच्या गळ्यात दिसत राहिले. त्यात ५०० वेपॉइंट साठवता येत. वेपॉइंट म्हणजे अक्षांश-रेखांशांनी पक्की केलेली एक जागा आणि तिला दिलेले नाव. मी त्याला सरळ 'खूण' म्हणतो. जागेवर उभे राहून बटण दाबून धरले की यंत्र त्या जागेला आपणहून नाव देई : ००१. पुढची ००२. नाव बदलायचे तर एका छोट्या बटणाने एकेक अक्षर शोधत बसायचे. बहुतेक लोक बसत नसत. त्यामुळे त्या काळातल्या ज्या ज्या नोंदी माझ्या हाती आल्या, त्यांत ००१ ते ०६० असे आकडे आहेत आणि ०३७ म्हणजे पाण्याचे टाके की चुकलेली वाट, हे नोंद करणाऱ्यालाही आता सांगता येत नाही.

गेली वीसेक वर्षे मी पुणे जिल्ह्यातल्या जुन्या वाटा, टाकी, हद्दीचे दगड यांच्या नोंदी करत हिंडतो आहे. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही आणि मोजणी खात्याशी संबंध आला तो अर्जदार म्हणूनच. जे शिकलो ते पायांनी आणि ग्रंथालयात बसून. या कामात एक प्रश्न मला सतत भेटत आला : एखाद्या जागेला नाव द्यावे की नंबर? प्रश्न किरकोळ दिसतो, पण पुणे शहर आणि जिल्हा यांनी तो निदान तीन वेळा वेगवेगळ्या तऱ्हेने सोडवला आहे, आणि त्यातल्या एका उत्तराची किंमत आजही कुणीतरी देत आहे.

आधी यंत्राचेच थोडे पुढे नेतो. १ मे २००० रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी नागरी जीपीएसच्या संदेशात मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला. तोपर्यंत सामान्य माणसाच्या यंत्राला सुमारे १०० मीटरपर्यंत चकवा बसू शकत असे. तो एका रात्रीत दहा-वीस मीटरांवर आला. दोनच दिवसांनी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक बादली अर्धवट पुरली, तिच्यात पुस्तके, एक गलोल, घेवड्याचा एक डबा अशा वस्तू ठेवल्या आणि जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. शोधा म्हणाला. लोकांनी शोधले. या खेळाला पुढे जिओकॅशिंग हे नाव पडले. जगभर लाखो डबे असे दडवलेले आहेत, पुण्याच्या आसपासही थोडे आहेत. आपल्याकडे हा खेळ रुजला नाही. दडवून ठेवलेला डबा आपल्याकडे सापडतो तो खेळाडूला नव्हे, गुराख्याला. तो तो घरी नेतो, आणि माझ्या मते योग्यच करतो.

पण या खेळाने नावे-नंबरांची जी शिस्त लावली ती पाहण्यासारखी आहे. प्रत्येक डब्याला 'जीसी' या दोन अक्षरांनी सुरू होणारा एक कोड मिळतो. उल्मरच्या बादलीचा कोड जीसीएफ. आधी हे कोड सोळा चिन्हांच्या मोजणीने दिले जात : शून्य ते नऊ आणि पुढे ए ते एफ. ६५,५३५ डब्यांनंतर ती मोजणी संपली. मग ३१ चिन्हांची घेतली : दहा अंक आणि एकवीस अक्षरे. रोमन लिपीतली पाच अक्षरे गाळली. आय आणि एल गाळले, कारण ते एकासारखे दिसतात. ओ शून्यासारखा दिसतो, एस पाचासारखा, यू व्हीसारखा. म्हणजे ज्या 'आय'ने रायगडाला राजगडापासून वेगळे केले आहे, तो 'आय' या लोकांनी धोकादायक म्हणून बाहेरच काढला.

दुसरी शिस्त उपखुणांची. एका डब्यापर्यंत जायला गाडी कुठे लावायची, वाट कुठून सुटते, मधला टप्पा कोणता, अशा चार-पाच जागा लागतात. त्यांच्या नावात 'जीसी' काढून तिथे दोन वेगळी अक्षरे घालतात, उदाहरणार्थ गाडीतळासाठी 'पीके', आणि पुढचा भाग मूळ कोडाचाच ठेवतात. शेपटी सारखी असल्याने कोणती खूण कोणत्या डब्याची हे कळते आणि डोके वेगळे असल्याने गोंधळ होत नाही. वेगळेपण सांगणारा भाग पुढे, सारखा भाग मागे. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण आता आपण पुण्याच्या पेठांत शिरतो आहोत.

पुण्यात मारुती किती, याची मोजणी ज्याने त्याने आपापल्या धीराप्रमाणे करावी. प्रत्येक देवळाला नुसते 'मारुतीचे देऊळ' म्हटले असते तर निरोप्या, पाहुणा आणि भिक्षुक यांपैकी कुणीच मुक्कामी पोहोचला नसता. म्हणून पुणेकरांनी नावे ठेवली (नावे ठेवण्यात आपला हात कोण धरणार?) : जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, डुल्या मारुती, सोन्या मारुती, बटाट्या मारुती, भिकारदास मारुती. विठोबांचेही तसेच : पासोड्या, उपाशी, निवडुंग्या. म्हसोबा सोट्या, मुरलीधर खुन्या, गणपतींत गुपचुप, मोदी, माती, हत्ती. या नावांवर आजवर विनोदी लेख बरेच झाले. पुणेकराचा खवचटपणा देवालाही सोडत नाही, असा त्यांचा सूर. मला त्यात खवचटपणापेक्षा कामाची रीत जास्त दिसते. जिलब्या म्हणजे शेजारी हलवायाचे दुकान; पत्र्या म्हणजे छपराला पत्रा; बटाट्या म्हणजे शनिवारवाड्यापुढच्या मंडईत बटाट्यांच्या राशींजवळचा; पासोड्या म्हणजे जिथे पासोड्या विकत तिथला; निवडुंग्या निवडुंगाच्या रानात सापडला म्हणून. परंपरेने सांगितलेली ही कारणे आहेत आणि एखाददुसऱ्याबद्दल वादही होईल. पण त्यांची जात एकच : रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला डोळ्यांनी दिसेल असे काहीतरी. भक्ताला देव ओळखायला हे नाव नको होते. वाट विचारणाऱ्याला हवे होते.

एकदा एका संध्याकाळी पेठांतली देवळे यंत्रात नोंदवताना ही रीत मला नीट उमगली. 'मारुती' हा शब्द रोमन लिपीत बरोबर सहा अक्षरांचा. तोच टाकला तर जागा संपते आणि कोणता मारुती ते सांगायला एक अक्षरही उरत नाही. उलट 'जिलब्या' सहा अक्षरांत बसतो. 'पत्र्या' सहा. 'खुन्या' सहा, 'उपाशी' सहा. 'डुल्या' आणि 'सोन्या' तर पाचांतच. 'बटाट्या' आणि 'पासोड्या' यांचे एकेक अक्षर कापले तरी ओळख बुडत नाही. वेगळेपण पुढे, सारखेपण मागे. पुण्यातल्या बोळांनी ही गोष्ट कोणत्याही यंत्राआधी शोधून ठेवली होती. तिचे कारणही सरळ आहे. हाक मारताना, वाट सांगताना माणूस मागचा शब्द गिळतो. 'पासोड्याशी उतर' म्हटले की पुरते.

गावांची नावे मात्र उलट्या बाजूने बांधलेली असतात. वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द, वडगाव शेरी, वडगाव मावळ. पिंपळे गुरव, पिंपळे सौदागर, पिंपळे निलख. बुद्रुक आणि खुर्द हे फारसीतून आलेले थोरले-धाकटे, आणि ते शब्द महसुली दप्तरात बसले तसेच गावांच्या पाट्यांवर उतरले. दप्तरात हे सोयीचे होते, कारण यादीत सगळी वडगावे एका ठिकाणी येत. यंत्रात मात्र सहा अक्षरांवर कातरले की चारही वडगावे एकच होतात, तिन्ही पिंपळे एक होतात. आणि या यंत्रांचा स्वभाव असा, की एका नावाची एकच खूण राहते. संगणकावरून त्याच नावाची दुसरी पाठवली की ती पहिलीच्या उरावर बसते आणि पहिली पुसली जाते, एक शब्दही न बोलता. यादी करणाऱ्याची सोय आणि चालणाऱ्याची सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नंबरांचा अनुभवही पुण्याला जुना आहे, आणि त्याची सुरुवात वारांपासून धरावी असे मला वाटते. वार म्हणजे क्रम असलेली नावे. सोमवारनंतर मंगळवार येणारच. पण पेठांना वार मिळाले ते क्रमाने नव्हेत. त्यांची आधीची नावे १८८५ च्या पुणे गॅझेटिअरमध्ये वाचायला मिळतात : शनिवार म्हणजे मुर्तजाबाद, रविवार मलकापूर, सोमवार शहापूर, मंगळवार अष्टापूर, बुधवार मुहियाबाद, गुरुवार वेताळ, शुक्रवार विसापूर. शनिवार पेठेतून निघालेला माणूस पुढच्या चौकात रविवार पेठेत पोहोचत नाही. म्हणजे पुण्याने क्रमवार नावांतून क्रम काढून टाकला आणि त्यांची पुन्हा साधी नावे करून घेतली. प्रभात रोडच्या गल्ल्यांचे आणि कोरेगाव पार्कातल्या 'लेन नंबर सात'चेही तेच झाले. तिथे 'सात' हा आकडा राहिलेला नाही, तो पत्ता झाला आहे. उलट 'पुणे ३०' म्हटले की सदाशिव पेठ आणि तिच्यासोबत एक सबंध स्वभाव डोळ्यांपुढे येतो. १९७२ साली पिनकोड आणणाऱ्या टपाल खात्याच्या हे स्वप्नातही नसेल. वाड्यांच्या घरक्रमांकांबद्दल मी जास्त लिहीत नाही. केसरी वाडा ५६८ नारायण पेठ आणि भारत इतिहास संशोधक मंडळ १३२१ सदाशिव पेठ हे पत्ते पाठ असणारे लोकही तिथे पोहोचतात ते नंबर पाहून नव्हे, विचारत विचारत.

शहरात नंबर आला तरी नाव मेले नाही, कारण नाव रोज तोंडी वापरात होते. शिवारात वेगळे घडले, आणि या लेखात मला मुख्यतः तेच सांगायचे आहे.

पेशवाई संपल्यानंतरच्या दोन-तीन दशकांत इंग्रज अधिकारी दख्खनची गावे कशी चालतात याचा अभ्यास करत होते. मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी कर्नल साइक्स यांनी गावोगावचे थळझाडे गोळा केले आणि दख्खनच्या जमीनधारणेवर लिहिले. थळ म्हणजे मिराशीचा जमिनीचा तुकडा. त्याला नाव असे, आणि ते बहुधा मूळ मिरासदार घराण्याचे असे. थळझाडा म्हणजे गावातली सगळी थळे आणि ती कुणाकडे आहेत त्याची यादी. यातली एक गोष्ट फार बोलकी आहे. घराणे निर्वंश झाले, जमीन 'गतकूळ' ठरली, दुसरा कुणी ती कसू लागला, तरी थळाचे नाव जुन्या घराण्याचेच राही. म्हणजे थळझाडा ही जमिनीची यादी होती, तसाच तो गावाचा मुका वंशवृक्षही होता. जे गावात उरले नव्हते ते शिवारात होते.

पुढे पुणे जिल्ह्यात आर. के. प्रिंगल यांनी मोजणी करून सारा ठरवला. तो इतका जड निघाला की इंदापूर तालुक्यात लोकांनी जमिनी पड टाकल्या. त्यावर उपाय म्हणून गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापूरपासून नवी पाहणी सुरू केली, आणि १८३६ साली तिथे तीस वर्षांचा ठराव झाला. ही पद्धत पुढे सबंध मुंबई इलाख्यात पसरली. १८४७ च्या संयुक्त अहवालात तिचे नियम एकत्र आले. तिचा गाभा असा : गावाची सगळी जमीन साधारण बैलांच्या एका जोडीला झेपेल एवढ्या तुकड्यांत वाटायची, प्रत्येक तुकड्याला बांध आणि दगडांनी हद्द घालायची आणि त्याला एक नंबर द्यायचा. मोजायला ३३ फुटांची साखळी. साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर. आज पुण्यात जो गुंठा बोलीत आणि भांडणात आहे तो त्या साखळीने पाडलेला आहे.

या नंबराला नुसती नावे ठेवून चालणार नाही. आधीच्या हिशेबात एकाच नावाचे थळ कुठे लहान तर कुठे मोठे, हद्द बोलण्यात एक आणि कसण्यात दुसरी, आणि पाटील-कुलकर्ण्यांच्या मर्जीला भरपूर वाव. नंबर, टिपण आणि आकारबंद आल्यावर गरीब कुळाला निदान एवढे कळू लागले की आपला सारा किती आणि तो कोणत्या तुकड्याचा. नावावर भांडण लावता येते, मोजलेल्या नंबरावर ते तेवढे सोपे नसते. पण नंबर स्थिर राहिला नाही. वाटण्या झाल्या, पोटहिस्से पडले, ४२ चे ४२/१ आणि ४२/१ चे ४२/१/ब झाले. १९४७ च्या एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर पुष्कळ गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. ज्याच्या पक्केपणासाठी नाव सोडले तो नंबरच दोन-तीन वेळा बदलला. नाव मात्र शिवारात तेच राहिले, कारण ते कागदावर नव्हतेच.

नव्हतेच असे म्हणालो, पण ते तितकेसे खरे नाही. सातबारा ज्यांनी हातात धरला आहे त्यांनी तो पुन्हा एकदा पाहावा. वरच्या बाजूला, भूमापन क्रमांकाजवळ, एक ओळ छापलेली असते : 'शेताचे स्थानिक नाव'. महसूल खात्यातल्या कुणाला तरी कधीतरी वाटले की नंबराशेजारी नावालाही जागा हवी. ही मला फार मोठी सुजाणपणाची गोष्ट वाटते. आता उताऱ्यावर डिजिटल सही येते, घरबसल्या तो निघतो. मी पुण्याच्या आसपासच्या गावांतले जे उतारे पाहिले त्यांतल्या बहुतेकांवर या ओळीपुढे अपूर्णविराम आहे आणि त्यापुढे पांढरा कागद.

यंत्राकडे परत येतो, कारण त्यातही अशी एक ओळ असते. पुढच्या पिढीच्या यंत्रांत नावाखेरीज टीप लिहायची जागा आली. तिथे नाव, कारण, सांगणारा असे सगळे थोडक्यात लिहिता येई. ती ओळही बहुतेकांची रिकामीच राहिली. त्यात लिपीचा अडसर होता. देवनागरी नव्हती. रोमन लिपीत 'टी-ए-एल' लिहिले तर ते तळ, टाळ की ताल? 'एम-ए-एल' म्हणजे माळ की मळ? सह्याद्रीच्या भूगोलात हे फरक जिवाचे आहेत. तळे आणि टाके यांच्यात उन्हाळ्यात कुठे पाणी असेल याचा फरक असतो. घाटाने बैल उतरतो, नाळेने माणूसच उतरतो, आणि तोही दोन्ही हात मोकळे ठेवून. म्हणून मी यंत्रात नावे लिहिणे सोडले. तिथे तीन आकडी नंबर आणि पुढे एक अक्षर : पाण्याला पी, खिंडीला के, नाळेला एन, देवाला डी. टाके आणि तळे दोन्ही पी मध्ये. नाव, अर्थ, कुणी सांगितले, गाव, तारीख हे सगळे वहीत, देवनागरीत, त्याच नंबराखाली. रोज रात्री यंत्र आणि वही शेजारी ठेवून ताळा घ्यायचा. कुणी याला डबल एंट्री म्हणेल. किराणा दुकानात ती चालते, इतिहासातही चालावी.

नकाशांबद्दल दोन शब्द, कारण नव्या भटक्यांना हे कुणी सांगत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांवरही नावाच्या आधी नंबर असतो. पुणे शहर ४७ एफ/१४ या नकाशावर आहे. सिंहगड त्याच्या खालच्या, १५ क्रमांकाच्या. २००५ च्या नकाशा धोरणानंतर आलेल्या नव्या मालिकेत त्याच ४७ एफ/१४ चा क्रमांक ई ४३ एच १४ झाला. राजगड आणि तोरणा हे एका धारेने जोडलेले शेजारी, पण साडेअठरा अंशांच्या खालची पाव अंशाची रेघ त्यांच्यामधून जाते. म्हणून तोरणा ११ क्रमांकाच्या कागदावर आणि राजगडाचा बालेकिल्ला १२ च्या. ती धार चालायची तर दोन कागद लागतात. दुसरे म्हणजे जुने नकाशे एव्हरेस्टच्या नावाच्या पृथ्वीगोलावर मोजलेले आहेत आणि जीपीएस वेगळ्या गोलावर. पुण्याच्या परिसरात त्यामुळे एकाच अक्षांश-रेखांशाची जागा शंभर मीटरहून जास्त सरकते. तिसरे, जिओकॅशिंगवाले मिनिटाचा दशांश लिहितात, नकाशेवाले सेकंद. १८ अंश ३०.३० मिनिटे हे १८ अंश ३० मिनिटे ३० सेकंद समजून वाचले तर माणूस सुमारे ३७० मीटर भलतीकडे जातो. कड्यावर असाल तर तेवढे पुष्कळ झाले. नंबर पक्का असतो, पण तो कोणत्या भाषेतला आहे हे माहीत असेल तरच.

आता शिवाराकडे. २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे पुणे महानगरपालिकेत आली. त्यांच्या शिवारात आता इमारती आहेत किंवा व्हायच्या आहेत. पत्र्याच्या कुंपणावरच्या पाट्यांवर सर्व्हे नंबर ठसठशीत लिहिलेला असतो, आणि इमारतीला युरोपातल्या एखाद्या खोऱ्याचे किंवा फुलाचे नाव. मधले जे नाव होते ते कुठेच नसते. नवी नावे वाईट आहेत अशी तक्रार मी करत नाही. घर घेणाऱ्याला आवडेल ते नाव बिल्डर ठेवणार. पण दोनशे वर्षांपूर्वी घराणे बुडाले तरी थळाचे नाव टिकत असे, आणि आज घराणे धडधाकट असताना, त्याच जागी चौथ्या मजल्यावर राहत असताना, नाव जाते आहे, हा फरक मला अस्वस्थ करतो. जुन्या ओढ्याला 'लवण' म्हणणारे माणूस गेले की तिथे पावसाचे पाणी का तुंबते हे सांगणाराही जातो. 'लवणातलं', 'मळई', 'पाणथळ', 'चोपण' ही शेतांची नावे म्हणजे मातीचा आणि पाण्याचा अहवालच होता. तो मागायला कुणी गेले नाही आणि पहिल्या मजल्याच्या खाली गाडीतळ खणला गेला.

त्या २३ गावांपैकी एका गावात दोन वर्षांपूर्वी मी एका घरी गेलो होतो. जमीन बरीचशी विकून झालेली, थोडी राहिलेली. नातू पंचविशीचा, हुशार. त्याच्या मोबाइलमध्ये घरच्या सगळ्या सातबाऱ्यांच्या फायली नंबरवार लावलेल्या. त्याला नंबर तोंडपाठ, नाव एकाही तुकड्याचे ठाऊक नाही. आजी ऐंशीच्या पुढच्या. त्यांना एकही नंबर माहीत नाही. मी म्हटले, "आजी, वावरांची नावं सांगता का? जशी घरातून निघून जायचात, तशी."

"आता काय उरलंय भाऊ तिथं?" असे म्हणाल्या, पण डोळे मिटून सुरू झाल्या. चिंचेचं. त्याच्या वर माळाचं. मग थोरली पट्टी. मग लवणातलं, "तिथं भात निघायचा." मग डाग, मग मधलं, मग विहिरीचं. मी लिहीत होतो, नातू नकाशावर बोट ठेवून नंबर जुळवत होता. मध्येच तो म्हणाला, "आज्जे, चिंच कुठंय तिथं?" त्या म्हणाल्या, "मी लग्न होऊन आले तवाबी नव्हती."

मी यंत्र घेऊन त्याच्याबरोबर त्या सगळ्या जागांवर जाऊन आलो. वहीत त्या २१२ ते २१९ आहेत. थोरल्या पट्टीवर आता तीन इमारती आहेत आणि लवणातल्यात त्यांचा गाडीतळ. परत आल्यावर नातवाने सगळी नावे मोबाइलमध्ये उतरवून घेतली आणि प्रत्येक नावापुढे सर्व्हे नंबर लिहिला. जुळवताना त्याच्या लक्षात आले की एका नंबराला नाव उरत नाही. पुन्हा विचारले, तर तेही मधलंच निघाले.

"दोन मधली कशी आज्जे?"

"दोन न्हाईत काही," आजी म्हणाल्या, "एक विहिरीकडचं मधलं, एक वढ्याकडचं मधलं."